मायाबाजार कागदावरचा
अद्भुतरम्य चित्रपटांची भित्तिपत्रके, पुस्तिका, नकाशे आणि अक्षरे : पाहावे काय, जपावे कसे?

रत्नागिरी (प्रतिनिधी) : भारतातील पहिला बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत गिरगावच्या मॅजेस्टिक चित्रगृहात झळकला. राजा, त्याच्या दोन राण्या, फकिराचे भाकीत आणि राजवाड्यातील कारस्थाने अशी ती अद्भुतरम्य कथा होती. तिकिटांसाठी रस्त्यावर झुंबड उडाली, पोलिसांना बोलवावे लागले, असे वर्णन आपण आजवर वाचत आलो आहोत. परंतु तो चित्रपट आज कोणालाही पाहता येत नाही. त्याची एकही प्रत शिल्लक नाही. शिल्लक आहेत त्या काही जाहिराती, काही स्थिरचित्रे आणि थोडे छापील कागद. ज्या वस्तूसाठी गर्दी लोटली ती नाहीशी झाली आणि त्या गर्दीला बोलावणारा कागद तेवढा राहिला.

अद्भुतरम्य चित्रपटांच्या रेखांकनकलेचे एखादे लहानसे प्रदर्शन पाहावयास जाताना ही गोष्ट ध्यानात असलेली बरी. अशा प्रदर्शनात भव्य असे काही नसते. दोन-तीन दालने, काचेखाली ठेवलेले पिवळट कागद, भिंतीवर चार-सहा भित्तिपत्रके आणि शेजारी बारीक अक्षरातील टिपा, एवढाच पसारा. वीस मिनिटांत फेरी मारून बाहेर पडणारे पुष्कळ. मात्र या कागदांनी नेमके कोणते काम केले हे ठाऊक असेल, तर त्याच वीस मिनिटांचे दोन तास कसे होतात ते कळत नाही.

पडद्याच्या आतला आणि बाहेरचा कागद

चित्रपटातील रेखांकनकलेचे ढोबळमानाने तीन भाग पडतात. पहिला भाग पडद्याच्या आत दिसणाऱ्या वस्तूंचा. पात्राच्या हाती पडणारे पत्र, भिंतीवरचा नकाशा, वर्तमानपत्र, औषधाच्या बाटलीवरील चिठ्ठी, राज्याचे निशाण, नाणे, पोथीचे पान, दुकानाची पाटी हे सारे कोणीतरी बसून काढलेले असते. दुसरा भाग अक्षरांचा. चित्रपटाचे नाव, श्रेयनामावली आणि मूकपटाच्या काळात दोन दृश्यांमध्ये येणाऱ्या मजकुराच्या पाट्या यात मोडतात. तिसरा भाग प्रेक्षकाला चित्रगृहापर्यंत आणणाऱ्या साहित्याचा. भित्तिपत्रक, हँडबिल, शो कार्ड, गाण्यांची पुस्तिका आणि चित्रगृहाच्या दर्शनी भागावरील रंगवलेले प्रचंड फलक ही त्याची रूपे.

सामाजिक चित्रपटात पहिल्या भागाचे काम तुलनेने सोपे असते. पोस्टाचे कार्ड हवे असेल तर ते पोस्टात मिळते. अद्भुतरम्य चित्रपटाला ही सोय नाही. जे राज्य कधी अस्तित्वातच नव्हते, त्याचे चलन कोठून आणावयाचे? जादूगारांच्या नगरीतील वर्तमानपत्र कोणत्या छापखान्यात मिळणार? तेथे प्रत्येक कागद नव्याने, त्या जगाच्या नियमांना धरून रचावा लागतो. तो क्षणभर पडद्यावर दिसतो. तो खोटा वाटला, तर प्रेक्षकाचा त्या सबंध जगावरचा विश्वास डळमळतो आणि खरा वाटला, तर त्याच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. या कलावंतांचे यश असे न दिसण्यात असते आणि त्यांची नावे लोकांच्या ओठी न येण्याचे एक कारणही तेच आहे.

लंडनचे उदाहरण

या कलेकडे जगाचे लक्ष अलीकडे वेधले ते हॅरी पॉटरच्या चित्रपटांमुळे. मिराफोरा मिना आणि एदुआर्दो लिमा या दोघांनी या मालिकेसाठी रेखांकनाचे काम केले. मिना २००१ साली आलेल्या पहिल्या चित्रपटापासून या कामात होत्या, लिमा नंतर त्यांना येऊन मिळाले. पुढे ‘मिनालिमा’ या नावाने दोघांनी स्वतंत्र कलाशाळा थाटली. २०१६ साली लंडनच्या सोहो भागातील ग्रीक स्ट्रीटवरच्या एका जुन्या घरात त्यांनी आपल्या कामाचे छोटेखानी प्रदर्शन मांडले. जादूच्या शाळेचे प्रवेशपत्र, घड्या उलगडताच दडलेल्या वाटा दाखविणारा नकाशा, ‘डेली प्रॉफेट’ हे वर्तमानपत्र, मिठाईची वेष्टने आणि पाठ्यपुस्तकांची मुखपृष्ठे असा सगळा कागदी संसार तेथे पाहावयास मिळाला.

या कागदांमागची व्यवहारी बाजूही मनोरंजक आहे. चित्रीकरणात एकच दृश्य पुन्हा पुन्हा घ्यावे लागते. पत्र फाडण्याचा प्रसंग असेल, तर त्याच पत्राच्या हुबेहूब अनेक प्रती हाताशी हव्यात. पहिल्या चित्रपटात धुराड्यातून पत्रांचा वर्षाव होतो. त्यासाठी हजारो पत्रे लागली आणि ती हवेत तरंगावीत म्हणून हलका कागद वापरावा लागला. वर्तमानपत्रातील छायाचित्रे हलताना दिसतात, त्या ठिकाणी छपाईत मोकळी जागा राखून हालचाल नंतर संगणकावर भरली जाई. म्हणजे कागद काढणाऱ्याला कॅमेरा, संकलन आणि वाऱ्याची झुळूक या सर्वांचे भान ठेवावे लागते.

हे सारे वाचताना मराठी वाचकाला वाटेल की ही परक्या, धनाढ्य चित्रपटसृष्टीची कौतुके आहेत. वस्तुस्थिती अशी की, कागदावर अद्भुत जग उभे करण्याची परंपरा आपल्या कोकणात सिनेमाच्या फार आधीपासून नांदत आली आहे.

सिनेमाच्या आधीचा सिनेमा

१ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होईपर्यंत कुडाळजवळचे पिंगुळी हे गाव रत्नागिरी जिल्ह्यातच होते. तेथील ठाकर समाजाने चित्रकथी ही कला पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. रामायण-महाभारतातील एकेका आख्यानाची चित्रे कागदावर रंगवून त्यांची ‘पोथी’ बांधलेली असते. कथेकरी पोथी समोर टेकवून ठेवतो, एकेक चित्र पुढे आणतो आणि वाद्यांच्या साथीने आख्यान गातो. चित्र बदलते तसा प्रसंग बदलतो. राक्षसांचे वटारलेले डोळे, एका बाजूने दिसणारे चेहरे, झेपावणारे बाण आणि दाट रंगांचे अलंकार अशी या चित्रांची खास धाटणी आहे. सावंतवाडी संस्थानाचा या कलेला आश्रय होता. हीच मंडळी कळसूत्री बाहुल्यांचा आणि चामड्याच्या छायाबाहुल्यांचाही खेळ करीत.

अंधारे देऊळ, समईचा उजेड, चौकटीत बसवलेले चित्र, त्यामागून येणारे दुसरे चित्र आणि साथीला संगीत असा हा एकूण घाट डोळ्यांसमोर आणला, की सिनेमा आला तेव्हा कोकणातील प्रेक्षकाला तो सर्वस्वी अनोळखी का वाटला नसावा, हे उमजते. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली आणि या कलेचे नाव पुन्हा चर्चेत आले. गंगावणे कुटुंबाने आपल्या गोठ्याच्या जागेत उभारलेले कलादालन हे अशा लहान संग्रहालयांचे उत्तम उदाहरण आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातही चित्रकथीच्या जुन्या पोथ्यांतील चित्रे आहेत.

छापखान्यात जन्मलेला सिनेमा

चित्रपटाचे जनक म्हणून दादासाहेब फाळके यांचे नाव शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्यांच्या चरित्रातील एक भाग मात्र भराभर ओलांडला जातो. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी फाळके छपाईच्या धंद्यात होते. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात त्यांचे शिक्षण झाले. राजा रविवर्म्याच्या चित्रांच्या रंगीत प्रती काढणाऱ्या लोणावळ्यानजीकच्या प्रेससाठी त्यांनी काम केले, पुढे ठसे कोरण्याचा आणि छपाईचा स्वतःचा व्यवसाय काढला. रंगीत छपाईचे तंत्र आणि यंत्रे यांसाठी ते जर्मनीलाही जाऊन आले. याखेरीज ते जादूचे प्रयोगही करीत आणि त्यासाठी त्यांनी आपलेच आडनाव उलटे करून ‘प्रोफेसर केळफा’ असे नाव घेतले होते.

छपाई आणि जादू या दोन विद्या एका माणसात एकत्र आल्या आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. त्यानंतर ‘मोहिनी भस्मासुर’ (१९१३), ‘लंका दहन’ (१९१७), ‘श्रीकृष्ण जन्म’ (१९१८), ‘कालिया मर्दन’ (१९१९) असे एकाहून एक चमत्कारांनी भरलेले चित्रपट त्यांनी काढले. पडद्यावरचे त्यांचे देव प्रेक्षकांना ओळखीचे वाटले, त्याला कारण होते. रविवर्म्याच्या शिळाप्रेसवरील तसबिरी तोपर्यंत घरोघरी देव्हाऱ्याशेजारी पोहोचल्या होत्या. मुकुट कसा असावा, शेला कोठून घ्यावा, देव प्रकट होताना हात कोणत्या मुद्रेत असावा, हे लोकांच्या डोळ्यांत आधीच ठसलेले होते. छापील कागदाने देवाचा चेहरा घडविला आणि सिनेमाने तो चालताबोलता केला, असे म्हणावयास हरकत नाही.

मूकपटातील मजकुराच्या पाट्याही या संदर्भात पाहण्यासारख्या आहेत. तेथे अक्षर हाच आवाज होता. एकाच पाटीवर एकाहून अधिक भाषांतील मजकूर नीट बसवावयाचा, तो सर्वांना वाचता येईल इतका वेळ ठेवावयाचा आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी चित्रगृहात कोणी तो मोठ्याने वाचून दाखवावयाचा, असा तो काळ होता. पाटीवर अक्षरे फार झाली की प्रसंग रेंगाळे आणि फार कमी झाली की कथा तुटे.

कोल्हापूरचे पेंटर

रत्नागिरीहून आंबा घाट चढून सुमारे १३० किलोमीटरवर कोल्हापूर लागते. या शहरात बाबूराव कृष्णराव मेस्त्री आणि त्यांचे आतेबंधू आनंदराव हे नाटकांचे पडदे रंगवीत. लोक त्यांना ‘पेंटर’ म्हणू लागले आणि तेच नाव कायम झाले. १९१६ साली आनंदरावांचे निधन झाले. बाबूरावांनी दोघांचे स्वप्न पुढे नेले, कॅमेरा स्वतः घडविला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. त्यांचा ‘सैरंध्री’ हा मूकपट १९२० साली पुण्यात झळकला. तो पाहून रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. त्याच वर्षी १ ऑगस्टला लोकमान्यांचे निधन झाले.

बाबूराव आपल्या चित्रपटांची भित्तिपत्रके स्वतः रंगवीत आणि प्रेक्षकांसाठी कथा व छायाचित्रे असलेल्या पुस्तिकाही काढीत. दृश्याचा आराखडा आधी कागदावर रेखाटून घ्यावयाचा, ही त्यांची पद्धत होती. त्यामुळे चित्रीकरणापूर्वीचा आराखडा आणि चित्रपट झाल्यानंतरचे भित्तिपत्रक यांत एकच हात दिसे. त्यांच्या १९२४ सालच्या ‘कल्याण खजिना’ या शिवकालीन चित्रपटाचे भित्तिपत्रक हे भारतीय चित्रपटांच्या उपलब्ध भित्तिपत्रकांतील सर्वांत जुन्यांपैकी मानले जाते. येथेही गोष्ट तीच. खजिन्याची कथा सांगणारा चित्रपट हरपला आणि कागदाचा एक तुकडा खजिना होऊन बसला.

पडदे आणि फलक रंगविण्याची ही परंपरा कोल्हापुरात पुढेही चालली. छत्रपती शिवाजी महाराजांचे शासनमान्य चित्र काढणारे जी. कांबळे हे याच शहराचे. ‘मुगल-ए-आझम’सारख्या चित्रपटांचे भव्य फलक त्यांच्या कुंचल्यातून उतरले.

तुतारी आणि वैकुंठाचे विमान

बाबूरावांच्या हाताखाली तयार झालेल्या मंडळींनी १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनीची स्थापना केली. विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल, व्ही. शांताराम, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी हे तिचे भागीदार. १९३३ साली कंपनी पुण्यास गेली. दामले आणि फत्तेलाल हे मुळात चित्रकलेतून आलेले. त्यामुळे प्रभातच्या अद्भुत कथांमध्ये नेपथ्य आणि रेखांकन यांचा पाया पक्का होता. ‘माया मच्छिंद्र’मधील (१९३२) स्त्रीराज्य आणि पाळीव चित्ता बाळगणारी तेथील राणी, ‘अमृतमंथन’मधील (१९३४) पडदाभर पसरलेला राजगुरूचा डोळा, ‘संत तुकाराम’मधील (१९३६) वैकुंठगमनाचे विमान आणि ‘संत ज्ञानेश्वर’मधील (१९४०) चालणारी भिंत ही दृश्ये जुन्या पिढीच्या आठवणीत घर करून राहिली.

या सर्वांच्या आधी पडद्यावर येई ती तुतारी फुंकणारी ललना. प्रभातचे हे बोधचिन्ह म्हणजे मराठी रेखांकनकलेतील एक उत्कृष्ट नमुना होय. मागे झुकलेला देह, वर उचललेली तुतारी आणि पहाटेची सूचना एवढ्यावर कंपनीचे नाव, तिची महत्त्वाकांक्षा आणि पुढे ऐकू येणारा सूर हे तिन्ही सांगून होते. लहानशा पुस्तिकेच्या कोपऱ्यात छापले तरी ते ओळखू येई आणि चित्रगृहाच्या दर्शनी फलकावरही तितकेच शोभे. चांगल्या बोधचिन्हाची हीच कसोटी आजही मानली जाते.

पुण्यातील प्रभातच्या जागेत १९६० साली चित्रपट प्रशिक्षण संस्था सुरू झाली. तिच्या आवारातील प्रभात संग्रहालयात जुन्या चित्रपटांतील वस्तू, वेशभूषा आणि कागदपत्रे जपून ठेवलेली आहेत. त्याच आवारातील साठवणघराला जानेवारी २००३ मध्ये आग लागली आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची जुनी नायट्रेट रिळे त्यात जळाली. नायट्रेटची फिल्म अत्यंत ज्वालाग्राही असते. काही रिळे आगीत गेली, काही हवेने कुजली, काही चांदी काढून घेण्यासाठी वितळवली गेली. भारतात १३०० हून अधिक मूकपट तयार झाले आणि त्यांपैकी आज पाहता येतात ते तीसच्या आसपास, तेही बहुतेक अपुरे. ‘राजा हरिश्चंद्र’चीसुद्धा पहिली व शेवटची अशी दोनच रिळे हाती आहेत आणि ती १९१७ साली पुन्हा केलेल्या चित्रीकरणाची असावीत, असे काही अभ्यासकांचे मत आहे. बाकीच्या चित्रपटांविषयी आपण जे जाणतो, ते मुख्यतः छापील कागदांवरून.

जिल्ह्याचे नाव पडद्यावर

अद्भुत चित्रपटांशी रत्नागिरीचे नाते जुन्या काळापुरते नाही. खेड तालुक्यात जगबुडी नदीच्या काठी तुंबाड हे गाव आहे. श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) या कादंबरीने ते मराठी वाचकांच्या परिचयाचे केले. १२ ऑक्टोबर २०१८ रोजी राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ हा हिंदी चित्रपट आला, तो हे नाव घेऊनच. त्याच्या कथेवर नारायण धारप यांच्या भयकथांचा प्रभाव आहे. धान्य आणि सोने यांचा लोभ धरणारा हस्तर, पडका वाडा, अखंड पाऊस आणि १९१८ ते १९४७ असा कालपट घेऊन आलेल्या या चित्रपटाला छायालेखनाबरोबरच कलादिग्दर्शनासाठीही फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा त्याला पहिल्या वेळेपेक्षा मोठा प्रतिसाद लाभला.

अशा चित्रपटात रेखांकनकाराची कसोटी दुहेरी असते. देव-दानवांचे जग मनाने रचता येते, परंतु १९१८ सालचे कोकण मनाने रचता येत नाही. त्या काळी हिशेबाची वही मोडीत असे. छापील मजकूर निर्णयसागरच्या वळणाच्या टाइपात दिसे. सावकाराचा कागद, मुद्रांक, आगपेटीवरील चित्र, पुण्यातील दुकानाची पाटी यांना प्रत्येकी आपला काळ असतो. आजच्या संगणकावरचे सर्रास मिळणारे देवनागरी अक्षर १९१८ च्या पाटीवर आले, की जाणत्या प्रेक्षकाचा रसभंग होतो. सावर्डे आणि देवरुख येथील कला महाविद्यालयांत शिकणाऱ्या आपल्या जिल्ह्यातील मुलांना मोडी आणि जुन्या छपाईची तोंडओळख झाली, तर या कामात त्यांना चांगला वाव मिळेल.

प्रदर्शनात काय पाहावे?

भित्तिपत्रकासमोर उभे राहिल्यावर आपली नजर साहजिकच नायक-नायिकेच्या चेहऱ्याकडे जाते. ती थोडी खाली आणावी. तळाच्या काठावर बहुधा छापखान्याचे नाव आणि गाव बारीक अक्षरात असते. १८६७ च्या कायद्याने मुद्रकाचे नाव व स्थळ छापणे बंधनकारक केले होते. चित्रकाराचे नाव नसेल तेव्हा ही एक ओळच आपल्याला कागदाचा ठावठिकाणा सांगते. चित्रकाराची सही शोधावी. ती अनेकदा पायघोळ वस्त्राच्या घडीत किंवा खडकाच्या कोपऱ्यात दडलेली असते आणि पुष्कळदा नसतेच.

त्यानंतर रंग पाहावेत. शिळाछापात प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागे. रंग जितके अधिक तितका खर्च अधिक. कमी रंगांत आग, समुद्र आणि रात्र दाखविण्याची करामत जुन्या चित्रकारांनी कशी साधली, हे जवळून पाहिल्याविना कळत नाही. ठिपके आणि रेघा कोठे आहेत, रंग एकमेकांवर चढून तिसरा रंग कोठे झाला आहे, हे भिंगातून पाहता आले तर उत्तम.

मग अक्षरे. देवनागरी, गुजराती, उर्दू आणि रोमन अशा लिप्या एकाच कागदावर कशा बसविल्या आहेत? ‘माया’, ‘जादू’, ‘पाताळ’ असे शब्द असतील तर अक्षरांना ज्वाळा, सर्प, बर्फ यांचे आकार दिले आहेत काय? कागदाची घडी कोठे पडली आहे? चार घड्यांच्या खुणा असलेले भित्तिपत्रक टपालाने किंवा एसटीने गावोगाव फिरलेले असण्याचा संभव असतो. मागच्या बाजूस खळीचे डाग असतील, तर ते खरोखर भिंतीवर लागले होते.

शेवटी पुस्तिका. चित्रगृहात एक-दोन आण्यांना मिळणाऱ्या या चोपड्यांमध्ये कथासार आणि गाणी छापलेली असत. कथासाराचा शेवट बहुधा मुद्दाम अर्धवट सोडलेला असे, पुढील हकीकत पडद्यावर पाहा म्हणून. चित्रपट नष्ट झाला असेल, तर ती कथा आज तेथेच थांबते.

कोकणची हवा आणि जुना कागद

या कागदांचे शत्रू कोकणात नेहमीपेक्षा बलवान आहेत. रत्नागिरीत वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. ओलसर भिंत, बुरशी, कसर आणि वाळवी यांच्यापुढे हलक्या कागदाचा निभाव लागत नाही. त्यात जाहिरातीसाठी वापरलेला कागद मुळातच स्वस्त. महिनाभर टिकला तरी पुरे, अशा बेताने तो छापलेला असे. तरीही जुन्या घरांच्या माळ्यावर, ट्रंकेच्या तळाशी, वह्यांना घातलेल्या वेष्टनांत असे कागद सापडतात. आजोबांनी जपलेली ‘प्रभात’ची चोपडी असो वा व्हिडिओ पार्लरच्या काळातील एखादे पत्रक, ते रद्दीत देण्यापूर्वी थोडा विचार व्हावा.

कागद सापडल्यास पुढील काळजी घ्यावी. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नये. तिचा डिंक काही वर्षांत तपकिरी होऊन कागद खातो. लॅमिनेशन तर मुळीच करू नये. ते पुन्हा काढता येत नाही. ओला कागद उन्हात न टाकता सावलीत, पंख्याच्या हलक्या वाऱ्यात सपाट ठेवून वाळवावा. घट्ट गुंडाळी करण्यापेक्षा दोन स्वच्छ, आम्लविरहित कागदांच्या मध्ये आडवा ठेवणे चांगले. पेटी जमिनीला किंवा बाहेरील भिंतीला लागून नसावी आणि पावसाळा संपताच ती एकदा उघडून पाहावी. हात धुऊन, कोरडे करूनच कागद हाताळावा. पुढची आणि मागची अशी दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढून ठेवावीत आणि तो कोठे, कोणाकडे, कसा मिळाला याची टीप वेगळ्या कागदावर लिहावी. मूळ कागदावर पेनाने काही लिहिण्याचा मोह टाळावा.

ज्यांना हे घरी जमण्यासारखे नाही, त्यांना पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे चौकशी करता येते. १९६४ साली स्थापन झालेली ही संस्था चित्रपटांबरोबर भित्तिपत्रके, पुस्तिका, स्थिरचित्रे आणि हस्तपत्रकेही जतन करते. २०२२ पासून ती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा भाग झाली आहे.

रत्नागिरीतील थिबा राजवाड्यात शासनाचे प्रादेशिक वस्तुसंग्रहालय आहे. जिल्ह्यातील घरांत असलेले असे कागद एकत्र येऊन त्यांचे छोटे प्रदर्शन आपल्या शहरातही कधी भरले, तर त्यासाठी मोठा निधी किंवा परदेशी कलाशाळा लागणार नाही. लागतील त्या काही काचा, कोरडी भिंत आणि प्रत्येक कागदाखाली लिहिलेली खरी माहिती. मात्र त्यासाठी ते कागद तोवर टिकले पाहिजेत. पुढचा पावसाळा लागण्याआधी माळ्यावरची ट्रंक एकदा उघडून पाहावी, हे बरे.

कोठे पाहाल?

पिंगुळी (कुडाळ) : गंगावणे कुटुंबाचे कलादालन. चित्रकथीच्या पोथ्या, कळसूत्री व छायाबाहुल्या. कोकण रेल्वेचे कुडाळ स्थानक जवळ.

कोल्हापूर : खरी कॉर्नर येथील बाबूराव पेंटर यांच्या स्मरणार्थ उभारलेला कॅमेरा स्तंभ.

पुणे : चित्रपट प्रशिक्षण संस्थेतील प्रभात संग्रहालय, लॉ कॉलेज रस्त्यावरील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, राजा दिनकर केळकर संग्रहालय.

मुंबई : पेडर रोडवरील गुलशन महल आणि त्यालगतच्या नव्या इमारतीतील भारतीय चित्रपटाचे राष्ट्रीय संग्रहालय. उद्घाटन १९ जानेवारी २०१९. मूकपटाच्या काळापासूनची मांडणी.

जाण्यापूर्वी भेटीची वेळ आणि साप्ताहिक सुट्टीचा दिवस विचारून घ्यावा.